हिंदू कोण, हे कोण विचारतंय?

जानेवारी १९४८मध्ये अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात एक दावा दाखल झाला. दावा करणारे होते स्वामिनारायण पंथाचे सत्संगी. मुंबई इलाख्यात आदल्याच वर्षी हरिजनांना देवळं खुली करणारा कायदा झाला होता, आणि महागुजरात दलित संघाचे अध्यक्ष मूलदास वैश्य आपल्या लोकांना घेऊन मंदिरात येणार अशी सत्संगींना धास्ती होती. कायदा हिंदू देवळांपुरता होता. तेव्हा सत्संगींच्या बाजूने मुद्दा मांडला गेला तो असा, की आमचा संप्रदाय हिंदू धर्मात मोडतच नाही. मग हा कायदा आम्हाला लागेलच कसा? दार बंद राहावं म्हणून धर्माचं नावच सोडून द्यायची ही तयारी.

खालच्या कोर्टात सत्संगी जिंकले, उच्च न्यायालयात हरले, आणि अठरा वर्षांनी, १४ जानेवारी १९६६ला, सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी निकाल दिला. प्रश्न एका देवळाच्या दाराचा, पण उत्तराची सुरुवात त्यांना सिंधू नदीपासून करावी लागली. या धर्माला एक प्रेषित नाही, एक देव नाही, एक तत्त्वज्ञान नाही, सगळ्यांना बांधणारा एक विधी नाही. मग हिंदू म्हणायचं कुणाला? साताऱ्यात जन्मलेल्या या न्यायाधीशांनी शेवटी आधार घेतला तो लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा. वेदांना प्रमाण मानणं, मोक्षाची साधनं अनेक आहेत हे मान्य करणं आणि उपास्य दैवत अमुकच हवं असा नियम नसणं, ही ती त्रिसूत्री. तिच्यात सत्संगी चपखल बसत होते. दावा फेटाळला गेला.

व्याख्या म्हणून टिळकांची त्रिसूत्री सुबक आहे, पण तिच्यातून कितीतरी लोक निसटतात. वेद कधी कानावर न पडलेला, म्हसोबाला कोंबडं कापणारा शेतकरी वेदांना प्रमाण मानतो म्हणजे नेमकं काय करतो? आणि बसवण्णांचं वचन प्रमाण मानणाऱ्या लिंगायताचं काय करायचं? टिळकांना हे कळत नव्हतं असं नाही. व्याख्या करायची म्हटली की कुठेतरी कात्री लावावी लागते. मला जास्त लक्षणीय वाटतं ते हे, की 'हिंदू कोण' हा प्रश्न घरात बसलेल्या माणसाला सहसा पडलेला नाही. तो दाराशी आलेल्या कुणीतरी विचारला आहे. कधी राजाने, कधी कर गोळा करणाऱ्याने, कधी शिरगणतीच्या कारकुनाने, कधी न्यायाधीशाने. नावाचा सगळा इतिहास या विचारणाऱ्यांच्या मागोमाग चालतो.

नाव आलं नदीवरून. ऋग्वेदातल्या 'सप्त सिंधू' पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'हप्त हिंदु' होतात. वेंदिदाद नावाच्या भागात अहुर मज्दाने घडवलेल्या सोळा उत्तम प्रदेशांची यादी आहे, त्यातला हा एक. संस्कृतातला स इराणी भाषांत बऱ्याच ठिकाणी ह होऊन भेटतो. सोम तिकडे हओम, असुर तिकडे अहुर, सप्त तिकडे हफ्त. सात दिवसांचा तो हफ्ता, आणि आपण बँकेत डोकं धरून भरतो तो हप्ताही त्याचाच. व्हॉट्सअ‍ॅपवर एक बिनतोड वाटणारा सवाल फिरत असतो: स चा ह होतो, तर पारशी स्वतःला 'पारही' का म्हणवत नाहीत? कारण 'पार्स'मधला स हा मुळात निराळा ध्वनी आहे. संस्कृतात त्याच्या जागी श येतो, 'पर्शु'सारखा. त्या स ला हा नियम लागू नाही. बाकी स चा ह करायला इराणपर्यंत जायलाही नको. काठियावाडात किंवा सुरतेच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन 'सुरत' कसं म्हणतात ते कान देऊन ऐकावं.

लेखी पुरावा मिळतो तो इराणच्या दारयवहु सम्राटाच्या शिलालेखांत. इ.स.पू. ५२०च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर त्याने आपल्या ताब्यातल्या देशांची जंत्री कोरून घेतली. तिच्यात गंधार आहे, सिंधूकाठचा प्रांत नाही. नंतरच्या लेखांत मात्र, पर्सिपोलिसला, सुसाला आणि नक्श-ए-रुस्तमच्या त्याच्या कबरीवर, 'हिंदुश' हजर आहे. मधल्या काही वर्षांत तो प्रांत इराणी साम्राज्याला जोडला गेला, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो. सुसाच्या राजवाड्याच्या लेखात बांधकामाला लागलेला माल कुठून आला याचा हिशेब दिला आहे; हस्तिदंत कूश, हिंदुश आणि हरहुवती, म्हणजे आजचा कंदाहारचा टापू, इथून आणल्याचं त्यात म्हटलं आहे.

पर्सिपोलिसच्या अपादान सभागृहाच्या पूर्वेकडच्या जिन्यावर नजराणे घेऊन आलेल्या निरनिराळ्या प्रजांच्या रांगा कोरल्या आहेत. त्यात हिंदुशची मंडळीही आहेत. पुढारी अंगभर वस्त्र पांघरलेला, मागचे उघड्या अंगाचे, कमरेला आखूड वस्त्र. एकाच्या खांद्यावर चक्क कावड आहे. दोन्ही टोकांना टोपल्या, टोपल्यांत लहान भांडी. त्या भांड्यांत सोन्याची भुकटी असावी, असं मानतात, आणि त्याला आधार ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा. या प्रांताकडून इराणला ३६० टॅलेंट सोन्याची भुकटी खंडणी म्हणून जाई, असं तो लिहितो. कावडीवाल्यामागे एक गाढव, आणि शेवटी कुऱ्हाडी घेतलेला माणूस. हिंदू या नावाच्या जगातल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी काही हवी असतील तर ती ही. त्यांच्यात देव नाही, देऊळ नाही, पोथी नाही. हिंदुश म्हणजे नदीकाठचा एक कर भरणारा सुभा.

पुढे याच नावाला जो भेटला त्याने आपल्या जिभेला जमेल तसं ते वळवलं. आयोनियन ग्रीकांच्या बोलीत सुरुवातीचा ह उच्चारला जात नसे. त्यांनी ह गाळला आणि नदी 'इंडोस', देश 'इंडिया' झाला. अरबांनी सिंध आणि हिंद असे दोन वेगळे प्रदेश केले. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने नावाची निरनिराळी चिनी रूपं तपासून 'यिन्तू' हे योग्य ठरवलं आणि त्याचा संबंध चंद्राशी, म्हणजे इंदूशी जोडला. महाराष्ट्रात येऊन पुलकेशीबद्दल लिहून गेलेला प्रवासी तो हाच. त्याच्या थोड्याच वर्षांनी आलेल्या इत्सिंगची नोंद जास्त मोलाची आहे. हिंदू हे नाव उत्तरेकडच्या टोळ्या वापरतात, खुद्द भारतातल्या लोकांना ते ठाऊक नाही, असं तो लिहितो. दारयवहुनंतर हजारावर वर्षं उलटून गेल्यावरची ही स्थिती.

नाव परक्यांनी दिलं हे अनेकांना बोचतं, आणि बोचलं की व्युत्पत्त्या जन्माला येतात. 'हीन गोष्टींना दूषण देतो तो हिंदू' अशी एक संस्कृत व्युत्पत्ती मेरुतंत्र या ग्रंथाच्या हवाल्याने अगदी गंभीर पुस्तकांतही छापली जाते. हवाला खरा आहे. ग्रंथात ते आहे. फक्त त्याच ग्रंथात 'इंग्रेज' आणि 'लंड्रज' यांचंही भाकीत आहे. ज्या पोथीला लंडन माहीत आहे ती किती प्राचीन, हे सांगायला पंडित लागत नाही. याच्या उलट टोकाला दुसरी मंडळी फारसी कोशातले काळा, गुलाम, चोर हे अर्थ काढून दाखवतात. तेही कोशात आहेत. हाफिजच्या कवितेत प्रेयसीच्या गालावरचा तीळ 'हिंदू' असतो, कारण काळा. पण ते मागाहून चिकटलेले अर्थ आहेत. शेजारच्या मुलुखातल्या माणसांच्या नावाला असे अर्थ चिकटवणं कुठल्याच भाषेला नवीन नाही. शब्दाचं मूळ त्यात शोधण्यात अर्थ नाही.

मग बाहेरचे आपल्याला हिंदू म्हणत होते, त्या काळात आतले लोक स्वतःला काय म्हणत होते? याचं उत्तर शोधायला जुन्नरहून नाणेघाटात जावं. घाटमाथ्यावरच्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण इ.स.पू. पहिल्या शतकातला. झिजलेला आहे, मध्ये मध्ये तुटलेला आहे, पण सुरुवात वाचता येते. धर्माला नमन, इंद्राला नमन, संकर्षण आणि वासुदेव यांना नमन, मग चंद्र-सूर्य, मग यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल. त्यानंतर यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा. अश्वमेध, राजसूय, हजारांनी गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं. वेदांतला इंद्र आणि पुढे बलराम-कृष्ण म्हणून घराघरांत पोचलेले संकर्षण-वासुदेव इथे एका दमात येतात. हे सगळं करणाऱ्या घराण्याला आपल्या या धर्माला काही एक नाव असावं, असं वाटलेलं दिसत नाही.

याच घराण्याच्या गौतमी बलश्रीचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक करताना ती त्याला 'एकबम्हण' म्हणते, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण. आणि हे कोरलंय कुठे, तर तिने बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात. आजच्या रकान्यांत ही बाई कुठे बसवायची? याचा अर्थ भेद नव्हते असा मुळीच नाही. अशोकाच्या लेखांत ब्राह्मण आणि श्रमण ही जोडी पुन्हा पुन्हा येते, आणि व्याकरणकार पतंजलीने तर कायमच्या वैराचं उदाहरण म्हणून याच जोडीचा समास दिला आहे. भेद होते, भांडणं होती. त्यांच्या सीमा मात्र आज ज्या ठिकाणी आपण आखतो तिथे नव्हत्या. पाशुपत होते, भागवत होते, शाक्त होते, स्मार्त होते, निर्ग्रंथ म्हणजे जैन होते, सौगत म्हणजे बौद्ध होते. या सगळ्यांतून काही जणांना वेगळं काढून एका टोपणाखाली ठेवायची गरज कुणाला भासली नाही.

उगमाचा प्रश्न यामुळेच अवघड होतो. ख्रिस्ती धर्माची, इस्लामची किंवा बौद्ध धर्माची सुरुवात एका माणसाच्या आयुष्यापासून सांगता येते. इथे तसा माणूसच नाही. मोहेंजोदडोच्या शिंगांचा मुकुट घातलेल्या आसनस्थ मूर्तीच्या मुद्रेला जॉन मार्शलने १९३१मध्ये शिवाचं आद्यरूप म्हटलं, आणि पाठ्यपुस्तकांत ती 'पशुपती' म्हणून कायमची बसली. मुद्रेवरची लिपी अजून वाचलेली नाही, त्यामुळे तिच्यावर फार वजन टाकू नये. ऋग्वेदाच्या बाबतीत आपण भक्कम जमिनीवर असतो, पण त्यातला धर्म आणि आजचा धर्म यांत केवढं अंतर! तिथे देऊळ नाही, मूर्ती नाही. सर्वाधिक सूक्तं ज्याची तो इंद्र आज देवळाविना आहे. विष्णूला सूक्तं मोजकी आणि रुद्रालाही. यज्ञाची जागा पूजेने घेतली, पुराणं रचली गेली, गुप्तकाळापासून दगडी मंदिरं उभी राहू लागली, सहाव्या-सातव्या शतकापासून तमिळ आळवार आणि नायनार संतांनी भक्तीची लाट उठवली. आणि या सगळ्याच्या खालून गावोगावचे देव वर येत राहिले. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' (१९८४) ज्यांनी वाचलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गवळी-धनगरांचा देव वैष्णवांचा विठ्ठल कसा होतो, आणि होताना आपलं मूळ अंगावर कसं वागवत राहतो, याचा त्यांनी बारकाईने माग काढला आहे. या धर्माचा उगम विचारणाऱ्याला एक गोमुख दाखवता येत नाही.

हिंदू शब्दाला धर्माचा वास लागायला सुरुवात झाली ती तुर्क आल्यानंतर. अल् बिरूनीने १०३०च्या सुमारास 'किताब-उल-हिंद' लिहिलं, तेव्हा देश आणि तिथल्या लोकांच्या श्रद्धा या दोन्हींना तो एकाच नावाने संबोधू लागला होता. तो संस्कृत शिकला होता, आणि शिकलेल्यांचा धर्म निराळा, सामान्यांचा निराळा, हे त्याच्या चटकन लक्षात आलं. मात्र इथल्या लोकांनी तो शब्द स्वतः उचलायला आणखी तीन शतकं गेली. विजयनगरच्या संगम राजांच्या लेखांत चौदाव्या शतकाच्या मध्यापासून एक बिरुद दिसतं, 'हिंदुरायसुरत्राण'. सुरत्राण म्हणजे सुलतान, त्याला संस्कृतचं उपरणं घातलेलं. हिंदू राजांतला सुलतान! अभिमानाने मिरवलेल्या बिरुदाचे दोन्ही शब्द पश्चिमेकडून आलेले. आणि त्याच विजयनगरच्या आश्रयात, त्याच शतकात, माधवाचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला गेला. चार्वाकापासून सुरुवात करून बौद्ध, जैन, रामानुज, मध्व, शैव असं एकेक दर्शन तो तपासत जातो. हिंदू नावाचं दर्शन त्यात नाही. राजाला शेजारच्या सुलतानांसमोर आपण कोण हे सांगायचं होतं, म्हणून त्याला शब्द लागला. पंडिताला तो कशाला लागेल?

ही गोष्ट पुढेही दिसत राहते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला मिथिलेच्या विद्यापतीने 'कीर्तिलते'त जौनपूरच्या बाजाराचं वर्णन केलं, तिथे हिंदू आणि तुर्क शेजारी राहतात आणि एकमेकांच्या धर्माची टर उडवतात. बंगालच्या चैतन्य संप्रदायाच्या ग्रंथांत हा शब्द येतो तो बहुतेक वेळा समोर मुसलमान असताना. आपापसात बोलताना ते वैष्णव असतात. आपल्याकडे ज्ञानेश्वर स्वधर्माबद्दल भरभरून बोलतात. एकनाथांच्या काळापर्यंत मात्र दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले होते. एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' म्हणजे कडाक्याचं भांडण आहे. तुर्क आपल्या दखनी बोलीत देवांच्या कथांवर तोंडसुख घेतो, हिंदू त्याला त्याच्या घरातली उणी दाखवतो, दोघेही चांगलेच खमके आहेत. शेवटी वाद मिटतो आणि दोघे एकमेकांना आलिंगन देतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानाच्या चाकरीत होते, हे लक्षात घेतलं की हा संवाद पुस्तकी वाटत नाही. ही रोजची बोलणी असणार.

'हिंदवी स्वराज्य' हा शब्द मराठी माणसाच्या रक्तातच आहे. ज्या पत्रात तो येतो ते दादाजी नरस प्रभूंना लिहिलेलं १६४५चं पत्र अस्सल की बनावट, यावर इतिहासकारांत एकमत नाही. शिवाय हिंदवी म्हणजे 'हिंदू धर्माचं' असं त्या काळी धरून चालता येत नाही. अमीर खुसरोसाठी हिंदवी ही इथल्या लोकांची बोली होती. देशाचा अर्थ आणि धर्माचा अर्थ शतकानुशतकं एकाच शब्दात मांडीला मांडी लावून बसले होते. कोणता कधी बोलतोय हे संदर्भावरून ओळखावं लागतं, आणि आपण बहुधा आपल्याला हवा तो ऐकतो.

पोर्तुगीजांना हा शब्द सुरुवातीला लागलाच नाही. ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही, यहुदी नाही, असा जो उरला तो त्यांच्या लेखी 'जेंतिउ', म्हणजे मूर्तिपूजक. १८८०मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींबद्दल त्यांनी जो हुकूम काढला त्यातही 'जेंतिउ हिंदू' आहेत. या शब्दाचं इंग्रजांनी 'जेंटू' केलं. वॉरन हेस्टिंग्जने १७७२मध्ये न्यायव्यवस्थेची घडी बसवताना वारसा, विवाह, जात अशा बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि जेंटूंना शास्त्रांचा कायदा लावायचं ठरवलं. आता शास्त्रं म्हणजे कोणती? अकरा पंडित बसवले गेले. त्यांनी संस्कृतात ग्रंथ रचला, त्याचा फारसी तर्जुमा झाला, आणि नॅथॅनियल हॅल्हेड नावाच्या तरुण कारकुनाने फारसीवरून इंग्रजी केलं. १७७६मध्ये लंडनला तो जेंटूंचा कायदा म्हणून छापला गेला. दोन भाषांच्या गाळण्यांतून उतरलेला हा अर्क. कोळ्याची, कुणब्याची, भिल्लाची वहिवाट त्यात कुठून येणार? पोथीतला धर्म सरकारी झाला आणि चालीरीतीतला धर्म त्याच्या मागे लागला.

इथून काही अभ्यासक एकदम उडी मारतात आणि म्हणतात, हिंदू धर्म हा इंग्रजांनी बनवला. मला ते पटत नाही. 'हिंदूइझम' हा इंग्रजी शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स ग्रँटसारख्या कंपनीच्या माणसांच्या लिखाणात येतो, आणि १८१६मध्ये राममोहन रॉय तो वापरतात, हे खरं. पण विद्यापतीच्या बाजारातल्या किंवा नाथांच्या ओट्यावरच्या हिंदूला आपण तुर्काहून वेगळे आहोत हे समजायला कलकत्त्याची वाट पाहावी लागली नव्हती. इंग्रजांनी केलं ते निराळं. त्यांनी सैलसर शब्दाला कायद्याची आणि आकड्यांची चौकट ठोकली.

आकड्यांची गोष्ट तर फारच उद्बोधक आहे. पहिली शिरगणती १८७१-७२ची. धर्माचा रकाना होताच. बाकीच्यांची व्याख्या करणं सोपं जाई, हिंदूंपाशी येऊन कारकून अडे. १९०६मध्ये आगाखानांच्या नेतृत्वाखाली सिमल्याला व्हाइसरॉयला भेटलेल्या मुस्लिम शिष्टमंडळाने या अडचणीवर नेमकं बोट ठेवलं: हिंदू म्हणून मोजले जाणारे पण खरं पाहता हिंदू नसलेले लोक वजा करा, म्हणजे आमचं प्रमाण वाढेल. स्वतंत्र मतदारसंघ येऊ घातले होते, प्रत्येक डोक्याला भाव आला होता. जनगणना आयुक्त ई. ए. गेट यांनी १९१०मध्ये परिपत्रक काढून दहा कसोट्या दिल्या. ब्राह्मणाचं श्रेष्ठत्व मानतात का, वेद मानतात का, ब्राह्मणाकडून मंत्र घेतात का, थोर हिंदू देवांना भजतात का, देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश आहे का, स्पर्शाने किंवा जवळ आल्याने विटाळ होतो का, प्रेत पुरतात का, गोमांस खातात का. कसोट्या वाचल्यावर ध्यानात येतं की त्या श्रद्धेच्या कमी आणि सामाजिक पायरीच्या जास्त आहेत. 'देवळात घेत नाहीत' हे न घेणाऱ्याचं लक्षण की न घेतलेल्याचं? परिपत्रकाने एकच हलकल्लोळ उडाला. ज्यांना पिढ्यान्पिढ्या वेशीबाहेर ठेवलं होतं ते 'आपले' आहेत, याची आठवण अनेक उच्चवर्णीय पुढाऱ्यांना तेव्हा झाली. त्याच गणनेत मुंबई इलाख्यात आणखी एक पेच आला. गुजरातेत काही जाती अशा भेटल्या की त्यांच्या काही चाली हिंदूंच्या आणि काही मुसलमानांच्या. अधिकाऱ्यांनी त्यांची 'हिंदू-मुसलमान' अशी नोंद केली, आणि गेटसाहेबांना ती बिलकूल आवडली नाही. एक माणूस, एक रकाना.

आतूनही नावाबद्दल कुरकुर होतीच. मुंबईत १८७५मध्ये आर्य समाज स्थापणाऱ्या दयानंद सरस्वतींना हिंदू हा परक्यांचा शब्द नकोसा होता, आपण आर्य. जोतीराव फुल्यांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात 'सार्वजनिक सत्यधर्म' असं सगळंच नवं मांडलं. विसाव्या शतकात दोन मराठी माणसांनी हाच शब्द घेऊन अगदी विरुद्ध निष्कर्ष काढले. सावरकरांचं 'हिंदुत्व' १९२३मध्ये नागपूरहून 'एक मराठा' या टोपणनावाने प्रसिद्ध झालं. त्यांच्या लेखी हिंदू हे नाव परकं नव्हतं, सप्तसिंधूइतकंच जुनं होतं, आणि या भूमीला पितृभू आणि पुण्यभू मानणारा तो हिंदू. हिंदुत्व आणि हिंदू धर्म या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी बजावून सांगितलं. आंबेडकरांनी १९३६च्या, कधीच होऊ न शकलेल्या लाहोरच्या भाषणात उलट मांडलं: हे नाव मुसलमानांनी इथल्या लोकांना वेगळं ओळखण्यासाठी दिलं, त्याआधी या लोकांना समान नाव नव्हतं, कारण आपण एक समाज आहोत ही जाणीवच नव्हती, होता तो जातींचा ढीग. शिलालेखांच्या उजेडात पाहिलं तर नावाच्या वयाबाबत सावरकरांचं पारडं जड आहे. दारयवहु मुसलमानांच्या हजारभर वर्षं आधीचा. पण लोक ते नाव स्वतःला लावत होते का, या प्रश्नावर इत्सिंगची साक्ष आंबेडकरांच्या बाजूने पडते.

आंबेडकरांच्या या युक्तिवादानंतर एकोणीस वर्षांनी कायद्याने जी व्याख्या केली ती मात्र कुणाच्याच तत्त्वज्ञानात बसणारी नाही. १९५५चा हिंदू विवाह कायदा कुणाला लागू? हिंदूंना, वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना समाज आणि आर्य समाजाच्या अनुयायांना, बौद्ध, जैन आणि शिखांना, आणि शिवाय जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नाही अशा कुणालाही. पोर्तुगीजांच्या जेंतिउची रीतच ही: बाकीचे वगळा, उरेल तो. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात हिंदू धर्म सोडून बौद्ध झालेल्या लाखो माणसांची लग्नं कायद्याच्या पुस्तकात हिंदू विवाह कायद्याखालीच येतात. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी महाराष्ट्रात त्यातूनच होत आली आहे. आपण हिंदू नाही असं म्हणणारे पुढेही कोर्टात येत राहिले. रामकृष्ण मिशनने आपल्या शिक्षणसंस्थांना अल्पसंख्याकांचं संरक्षण मिळावं म्हणून तसा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो १९९५मध्ये नाकारला. लिंगायतांची वेगळ्या धर्माची मागणी कर्नाटक सरकारने २०१८मध्ये केंद्राकडे पाठवली, ती मान्य झाली नाही.

अनुसूचित जमातींना विवाह कायद्यातून वगळलं आहे, आणि आज हा प्रश्न सगळ्यात धगधगता आहे तो त्यांच्यातच. २०११च्या जनगणनेच्या फॉर्ममध्ये धर्मासाठी सहा क्रमांक होते: हिंदू १, मुस्लिम २, ख्रिस्ती ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. यांत नसणाऱ्याने धर्माचं नाव अक्षरी लिहायचं, क्रमांक द्यायचा नाही. ९६ कोटींहून अधिक लोक पहिल्या क्रमांकात मोजले गेले. त्याच वेळी झारखंड आणि आसपासच्या भागांतल्या सुमारे ५० लाख आदिवासींनी अक्षरी 'सरना' लिहिलं. साल वृक्षांच्या राईत, सरनास्थळी पूजा करणारे हे लोक. दहा लाखांवर लोकांनी गोंडी हा धर्म लिहिला. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२०मध्ये सरनाला स्वतंत्र क्रमांक द्यावा असा ठराव केला. गडचिरोली-चंद्रपूरकडचे गोंड कार्यकर्ते आपल्या धर्माला कोया पुनेम म्हणतात आणि रकान्यात तेच नाव हवं असं सांगतात. त्यांच्यातलेच दुसरे म्हणतात, आम्ही महादेवाला मानतो, आम्ही हिंदूच. या वेळी प्रश्न दाराशी आलेल्याने विचारण्याआधीच ते आपलं उत्तर ठरवून बसले आहेत, आणि त्या उत्तरावर त्यांच्या घरातच एकमत नाही.